उंबऱ्याजवळचा चौकोन

सोमवारी सव्वानऊच्या सुमाराला सर यायचे. साताऱ्याहून पहाटेची एसटी धरायची, सांगलीच्या स्टँडवर उतरायचं, रिक्षा न करता चालत यायचं आणि दारात पिशवी टेकवून म्हणायचं, "मावशी, आलो बरं का." अकरा वर्षं हे असं चाललं. त्या सोमवारीही मी चहाचं आधण ठेवलं होतं. साडेनऊ झाले तरी आवाज आला नाही तेव्हा मला आधी रागच आला. चहा उकळून कडू झाला तो मोरीत ओतून दिला. दहा वाजता फोन वाजला. सरांच्या मिसेस वैशालीताई बोलत होत्या. त्या रडल्या नाहीत, सरळ सांगितलं. आदल्या दिवशी सकाळी सर अजिंक्यताऱ्याच्या वाटेनं फिरायला गेले, अर्ध्या वाटेत दगडावर बसले, आणि लोकांनी उचलून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. "तुम्ही वाट बघत असाल म्हणून कळवलं," म्हणाल्या. मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला... त्यानंतर मला पहिलं काय वाटलं ते लिहिते, कारण तेच लिहायला बसले आहे. मला हायसं वाटलं. ती गोष्ट जाणणारं माणूस आता उरलं नाही, असं वाटलं. मग मला माझीच किळस आली.

या गोष्टीला सहा आठवडे झाले. साबळे सरांबद्दल कॉलेजातल्या लोकांनी शोकसभेत चांगलं सांगितलं. ते खरंच आहे. मी त्यांची घरमालकीण. चौथीपर्यंत शिकले, पुढं कुणी पाठवलं नाही. आमचे मालक हळदीच्या पेठेत तोलाईचं काम करायचे, ते गेले त्याला पुष्कळ वर्षं झाली. पेठेच्या मागच्या बोळात आमचं घर. पुढची खोली भाड्यानं द्यायची आणि मागच्या सोप्यात बसून मी वाकळा शिवायची, असा माझा दिवस. वाकळ म्हणजे गोधडीच. आमच्याकडं वाकळ म्हणतात. बोळातल्या बायका जुनी लुगडी, धोतरं आणून टाकायच्या, मी थर लावून शिवून द्यायची. सर खोली बघायला आले तेव्हा त्यांनी खिडकीवर बोट फिरवलं, पिवळं झालेलं बोट बघितलं आणि म्हणाले, "मावशी, इथं राहिलो तर सर्दी व्हायची न्हाई." मला माणूस पटला.

ते शिकवायचे तो विषय मला पहिली दोन वर्षं कळला नाही. कॉम्प्युटरवरून धंदा कसा चालतो, म्हणजे ऑर्डर कशी येते, ती कुणाकडं जाते, माल कुठवर आला हे घरबसल्या गिऱ्हाइकाला कसं कळतं, ते सगळं. पोरं संध्याकाळी खोलीवर यायची आणि सर त्यांना खडूनं फरशीवर लिहून दाखवायचे. भिंतीवर फळा होता तो नुसता लटकलेला. मी एकदा तणतणत गेले, "सर, ही कसली भुताची रांगोळी? मला पुसाय लागती."

"मावशी, ही रांगोळी न्हाई, रस्ता हाय," ते उकिडवे बसूनच म्हणाले. "फळ्यावर काढलं की पोरं बघत बसत्यात. खाली काढलं की त्यावरनं चालाय लागतं. बघा, ही पोरगी म्हंजे ऑर्डर." आणि एका पोरीला त्यांनी खरंच एका चौकोनात उभं केलं, बाणावरनं दुसऱ्या चौकोनात चालवलं. ती मधेच थांबली. सर म्हणाले, "का थांबलीस? बाण कुठंय पुढं? न्हाई ना? मग गिऱ्हाईक पण हितंच थांबणार. काढ बाण." फरशी शहाबादी, काळी. खडू तिच्यावर छान उठायचा. मी रोज सकाळी पोतेरं फिरवून सगळे रस्ते पुसून टाकायची.

सरांचा एक कायदा होता. पुस्तकातलं दुकान चालायचं नाही. दोघादोघांनी मिळून खरं माणूस शोधायचं, ज्यानं आपल्या बोळाबाहेर कधी काही विकलेलं नाही. पहिला आठवडा कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. त्या माणसाच्या कामाजवळ नुसतं बसायचं, हातातली वस्तू कुठून येते आणि कुठं जाते ते वहीत लिहायचं. मग वेबसाईट करायची, खऱ्या ऑर्डरी घ्यायच्या, आणि वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात पडली तरच मार्क. "वेबसाईट देखणी झाली, वस्तू पोचली न्हाई, तर शून्य," असं ते पहिल्याच दिवशी सांगायचे. कुणी कुंभाराकडं जायचं, कुणी बेदाणेवाल्याकडं. कॉलेजातल्या काही जणांना हे पटायचं नाही. नसती झेंगटं कशाला गळ्यात घ्यायची, परीक्षा घ्या आणि मोकळे व्हा, असं म्हणायचे. सर ऐकून घ्यायचे आणि पुढच्या वर्षी परत तेच करायचे. माणसाचा जीव कशात असतो हे बाहेरून कळतं. त्यांचा जीव ह्यात होता.

चार वर्षांपूर्वी दोन पोरी आल्या. पद्मजा इथलीच, सांगलीजवळच्या गावची, जैनाची, कमी बोलणारी, वही छातीशी धरलेली. कोमल आटपाडीची, हॉस्टेलवर राहायची, तोंडाला कुलूप नाही. त्या सरांकडं आल्या होत्या कुठलं माणूस धरू विचारायला, आणि मी सोप्यात वाकळ पसरून बसलेली दिसले. कोमल तिथंच थबकली. "आजी, ह्यो धंदा हाय का तुमचा?"

"धंदा कसला डोंबलाचा. बसाय येतंय तवर शिवायचं."

"आवं मग आमाला तुमीच पायजे!"

मी नको म्हणाले. तरी त्या सहा दिवस येऊन बसल्या. पद्मजा टाके मोजायची, लिहायची. कोमल विचारत सुटायची: गिऱ्हाईक भांडतं का, सुई मोडली तर काय करता, एवढं वाकून पाठ दुखत न्हाई का. मला बरं वाटायचं, खोटं का बोलू. माझ्या कामाकडं असं कुणी बघितलं नव्हतं. सातव्या दिवशी सरांनी त्या दोघींना खोलीच्या फरशीवर रस्ता काढायला लावला. कापड आलं. चिठ्ठी लावली. शिवायला घेतलं. शिवून झालं. पोस्टात दिलं. पोचलं. सहा चौकोन, मधे बाण. सर मला म्हणाले, "मावशी, तुमी मालक. चालून बघा. काय राह्यलं का मधे?"

मी चौकोनातून चालले. पोरी हसत होत्या. कापड आलं आणि शिवायला घेतलं ह्याच्या मधे मी काय करते ते मला ठाऊक होतं. गाठोडं सोडायचं, एकेक कापड उजेडात धरून ताणून बघायचं, टाका धरणारं घ्यायचं आणि विरलेलं बाजूला टाकायचं. टाकलेल्या चिंध्या शिवणारणीच्या, हा आमच्यातला जुना रिवाज. त्याचं पोतेरं होतं, तवा धरायचं फडकं होतं. पन्नास वर्षांत एका बाईनं विचारलं नाही की माझं ते अमकं लुगडं कुठं गेलं. एवढी साधी गोष्ट काय सांगायची, असं वाटलं. म्हणाले, "न्हाई, काय राह्यलं न्हाई. बेस हाय."

वेबसाईट झाली. माझा फोटो काढताना कोमल म्हणाली, "आजी, जरा हसा की."

"हसू कशानं? दात कुठं हायत?"

"मग तसंच ऱ्हावा. लय कडक दिसताय, गिऱ्हाईक घाबरून तरी घील."

फोटोखाली कारागीर असं लिहिलं होतं. तो शब्द माझ्या नावापुढं पहिल्यांदा लागला. मी चार वेळा वाचला. मग पोस्टानं गाठोडी यायला लागली, पुण्याहून, कऱ्हाडहून, कुठून कुठून. पोरी दर गुरुवारी येऊन प्रत्येक गाठोड्याला नंबराची चिठ्ठी पिनेनं लावायच्या, आलेल्या कापडांचा फोटो काढायच्या, झालेल्या वाकळेचा फोटो काढायच्या. पहिली वाकळ पोचल्याचा निरोप आला तेव्हा दोघी सरांच्या खोलीत उड्या मारत होत्या, आणि सर दारात उभे राहून, कुणाला दिसू नये असं, डोळे पुसत होते. मला दिसलं.

एका गुरुवारी तीन गाठोडी एकदम आली. त्यातलं एक शिराळ्याच्या एका बाईंचं. रिटायर झालेल्या शिक्षिका. आत चार लुगडी आणि वहीच्या कागदावर एक ओळ : ही माझ्या आईची आहेत. मी ती ओळ वाचली. वाचली नाही असं म्हणायला जागा नाही, तेवढं मला वाचता येतं. तीन लुगडी धड होती. चौथं जांभळं इरकली, गोमी काठाचं, म्हणजे काठावर गोमेसारखी नक्षी असलेलं, नेसून नेसून जाळी झालेलं. हातात धरलं की बोट आरपार जायचं. असलं कापड आत घातलं तर महिन्यात फाटून गोळा होतो आणि वाकळ फुगते. फुगलेली वाकळ माझ्या हातून जायची नाही. मी ते बाजूला टाकलं. चार लुगड्यांची ऊब पाहिजे म्हणून माझ्या ट्रंकेतलं एक हिरवं, फारसं न नेसलेलं लुगडं काढून त्याच्या जागी घातलं. बाईंचा फायदाच केला असं मला वाटलं होतं. जांभळ्याचे दोन तुकडे केले. एक चुलीपाशी, एक पोतेरं. नंतरच्या एका गुरुवारी पोरी आल्या तेव्हा वाकळ तयार होती. त्यांनी फोटो काढला आणि पाठवून दिली.

आठ दिवसांनी त्या बाई वाकळ घेऊन कॉलेजात आल्या. वेबसाईटवर कॉलेजचं नाव होतं. मला बोलावणं आलं. प्राचार्यांच्या खोलीत मी जन्मात पहिल्यांदा गेले. गादीची खुर्ची दिली, पाणी दिलं. समोर चौघे बसलेले, एका बाजूला सर, भिंतीपाशी पद्मजा आणि कोमल उभ्या. शिराळ्याच्या बाई वाकळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हिरव्या कापडावर हात ठेवून हळू विचारलं, "हे आमच्या घरातलं नाही. आईचं जांभळं कुठं आहे? शेवटच्या दुखण्यात ती तेच मागायची."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. खरं काय ते दोन वाक्यांत सांगता आलं असतं. बाई, ते विरलं होतं, मी फेकलं, माझं घातलं. पण मला ते पोतेरं डोळ्यापुढं दिसलं. ते त्या दिवशी सकाळीच मी मोरीपाशी पिळून टाकलं होतं. आणि तो फोटोखालचा शब्द दिसला. मी म्हणाले, "चिठ्ठ्या पोरी लावत्यात. तीन गाठुडी एकदम आलीवती. बदलल्या असत्याल त्यांनी." मग कुणीतरी विचारलं, नक्की का? मी म्हणाले, "नक्की. मी काय लावत न्हाई चिठ्ठ्या." कोमलनं तोंड उघडलं. मला वाटलं आता ही भांडणार. पण तिनं पद्मजाकडं बघितलं, पद्मजानं तिच्याकडं, आणि दोघी गप्प बसल्या. त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. तो गेल्या महिन्यात कळला. पुढं लिहिते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर एकटेच फरशीवर बसले होते. सहाही चौकोन परत काढले होते, आणि शेजारी तिन्ही गाठोड्यांतल्या कापडांची यादी, फोटो बघून बघून लिहिलेली. मी सोप्यातून बघत होते. बराच वेळ ते चौकोनाकडून यादीकडं, यादीकडून चौकोनाकडं सरकत राहिले. मग माझ्याशी बोलल्यासारखं पण खाली बघूनच म्हणाले, "चिठ्ठ्या बदलल्या असत्या तर दुसऱ्या कुणाचं तरी एक कापड कमी पडलं असतं, मावशी. कुणाचंच कमी न्हाई. एक लुगडं नाहीसं झालंय, आन एक आलंय ते तिन्ही गाठोड्यांतलं न्हाई." बोलायला नको म्हणून मी पोतेरं घेतलं आणि कडेची फरशी पुसायला लागले. माणूस घाबरलं की हाताला लागेल ते काम करतं. सरांची नजर माझ्या हातावर आली. पोतेऱ्याचा काठ मळला होता, तरी गोमीची नक्षी दिसत होती.

सर उठले नाहीत. बसूनच म्हणाले, "मावशी, ते मला द्याल का?"

मी दिलं. ते मोरीवर गेले, नळाखाली बसले आणि आपल्या अंगाच्या साबणानं ते धुवायला लागले. तीनदा पाणी बदललं. कॉलेजात शिकवणारा माणूस माझं पोतेरं धूत बसला आणि मी चौकटीला धरून उभी. मी म्हणाले, "विरलं हुतं वो सर. टाका धरत नव्हतं." ते म्हणाले, "व्हय. धरलाच नसता. तुमी कामात चुकला न्हाई. पण त्यांना विचारायचं राह्यलं. आन तो चौकोन मी ठेवलाच नव्हता. तुमी गाठोडं सोडल्यावर पुढं काय करता हे मी तुमास्नी धड विचारलंच न्हाई, नुसतं चालाय लावलं." ओलं फडकं त्यांनी दोरीवर टाकलं. मग माझ्याकडं वळले. "माझी चूक मी सांगीन. पोरींना मात्र तुमी सांगा. ते मी सांगणार न्हाई."

"सांगीन की," मी म्हणाले.

त्यांनी कॉलेजात सांगितलं की रस्ता आखताना आपली चूक झाली, दोष आपला. कॉलेजनं पोरींना घालवलं नाही, पण काठावर पास केलं. खऱ्या ऑर्डरींचं ते सगळं कॉलेजनं बंद केलं. वेबसाईट काढून टाकली. धुतलेलं फडकं घेऊन सर शिराळ्याला गेले, माफी मागून आले. मी विचारलं, बाई काय म्हणाल्या? सर चप्पल काढत होते. म्हणाले, "नाकाला लावलं. म्हणाल्या, साबणाचा वास येतोय, आईचा गेला."

सरांनी एक काम केलं. चिठ्ठी लावली आणि शिवायला घेतलं ह्या दोन चौकोनांच्या मधे, उंबऱ्याजवळच्या फरशीवर, नवा चौकोन काढला. त्यातून एक बाण मागं, गिऱ्हाइकाकडं. आत एकच शब्द लिहिला : विचारा. बाकीचे चौकोन मी पुसले, तो पुसायला गेले तेव्हा म्हणाले, "तेवढा असू द्या." कॉम्प्युटरवर तो चौकोन कधी गेलाच नाही. फरशीवरच राहिला. पायाखाली येऊन पुसट व्हायचा. साताऱ्याहून आले की चहाच्या आधी सर खडू घेऊन तो परत गिरवायचे. चार वर्षं, दर सोमवारी. मला एकदाही म्हणाले नाहीत की मावशी, सांगितलंत का. मला राग यायचा. म्हणजे मला बोलायचं तर सरळ बोला, असं वाटायचं. सरांचंही चुकलं असं मी आजही म्हणते. त्यांनी एकदा खडसावलं असतं तर मी सांगून मोकळी झाले असते. पण हेही माझंच दुसऱ्यावर ढकलणं झालं. मी चिठ्ठ्यांचं ढकललं तसंच.

पुढच्या वर्षांची पोरं खोट्या दुकानांच्या वेबसाईट करायला लागली. नसलेले बूट, नसलेली घड्याळं. सर भाकरी खाताना म्हणायचे, "मावशी, यंदा वीसेक दुकानं उघडली. एकाकडं पण माल न्हाई. तक्रार मात्र शून्य." हसायचे. पण संध्याकाळी पोरं खोलीवर यायची बंद झाली. उकिडवं बसून खडू चालवणारा माणूस खुर्चीत बसायला लागला, पेपर तपासायला लागला. माझी फरशी स्वच्छ राहायला लागली.

गेल्या महिन्यात वैशालीताई खोली रिकामी करायला आल्या. पुस्तकं, स्टोव्ह, दोन चादरी एवढाच पसारा. एक गाठोडं मात्र त्यांनी घरून आणलं होतं, सरांच्या शर्टांचं. "मावशी, ह्यांची वाकळ शिवाल? मुलाला द्यायची आहे." गाठोडं माझ्या मांडीवर होतं. मला ते सोडता येईना. मी म्हणाले, "ताई, आधी माझं ऐका," आणि जे इथं लिहिलं ते सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "मला माहीत आहे. त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. दर सोमवारी निघताना म्हणायचे, या आठवड्यात मावशी सांगतील बघ." मग विचारलं, "पोरींना सांगितलं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

त्यांनी गाठोडं माझ्या मांडीवरनं उचललं. आवाज चढवला नाही. "आधी त्यांना सांगा. मग शर्ट आणते."

पद्मजाचा नंबर सरांच्या वहीत होता. ती आता पुण्यात नोकरीला आहे. मी फोन केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मग ती म्हणाली, "आजी, मला वाटायचं चिठ्ठ्या कोमलनं बदलल्या. त्या दिवशी लय बोलत होती ती, पिना खाली पडल्या होत्या. आणि तिला वाटायचं मी बदलल्या. सर म्हणायचे तुमची चूक नाही, आम्हाला वाटायचं मन राखायला म्हणतात." मी विचारलं, कोमल कुठं असती आता? "माहीत नाही. आम्ही बोललोच नाही नंतर. तिचं लग्न झालं एवढं कळलं, नंबर बदलला तिनं." म्हणजे त्या खोलीत त्या दोघी गप्प का राहिल्या ते मला चार वर्षांनी कळलं. दोघी एकमेकींना वाचवत होत्या. आणि मी खुर्चीत बसून पाणी प्याले होते.

मी म्हणाले, "चुकलं माझं, पोरी." ती म्हणाली, "मला एकटीला सांगून काय उपयोग, आजी? तेव्हा चारचौघांत सांगितलं होतंत. आता पण चारचौघांत सांगा." तिचं बरोबर आहे. म्हणून हे पेपरच्या पुरवणीसाठी लिहिलं. शेजारच्या सुनेनं शुद्धलेखन बघून दिलं, शब्द माझे आहेत.

कोमल, आटपाडीकडं ही पुरवणी येते असं पद्मजा सांगते. तू वाचशील, नाहीतर कुणीतरी वाचून तुला सांगेल. चिठ्ठी तू नीट लावली होतीस. पद्मजानंही नीट लावली होती. लुगडं मी फाडलं आणि नाव तुमचं घेतलं. तू मला माफ कर असं मी म्हणत नाही. पद्मजाला फोन कर, तेवढं कर. तिचा नंबर माझ्याकडं आहे आणि माझं घर तुला ठाऊक आहे.

सरांची खोली अजून भाड्यानं दिलेली नाही. फळीवर खडूचा डबा तसाच आहे. वैशालीताई गाठोडं घेऊन परत येतील का, ते मला माहीत नाही. उंबऱ्याजवळचा चौकोन ह्या दिवसांत फार पुसट झाला होता, एक बाजू गेलीच होती. परवा सोमवारी सव्वानऊला मी खडू घेऊन खाली बसले. रेघ सरळ आली नाही. आतला शब्द मात्र नीट लिहिला, सरांसारखाच मोठा. मग पोतेरं घेतलं आणि तेवढी जागा सोडून बाकीची फरशी पुसली.